रक्ताची खतावणी

व्यापाऱ्याच्या घरातील दिनदर्शिकेवर तिथी आणि पर्वांच्या शेजारी जीएसटीच्या भरण्याच्या तारखा व उधारीच्या मुदती यांच्या खुणा असतात. ज्या घरात थॅलेसेमिया मेजर असलेले मूल आहे, त्या घरात या खुणांमध्ये आणखी एक भर पडते. साधारण दर तीन आठवड्यांनी एका तारखेभोवती वर्तुळ काढलेले असते. त्या दिवशी मुलाची शाळा बुडते, आई डबा भरून रुग्णालयात जाते आणि वडील दुकानातून दर तासाला दूरध्वनी करून ‘पिशवी लागली का’ एवढेच विचारतात. लग्नकार्याची तारीख असो वा तीर्थयात्रेची, ती या वर्तुळाला सांभाळूनच ठरते. बाहेरच्यांना हे मूल संध्याकाळी टवटवीत दिसते; पुढच्या दोन आठवड्यांत त्याचा चेहरा हळूहळू फिका पडत जातो, हे मात्र घरच्यांनाच दिसते.

नागपूरला या आजाराची ओळख जुनी आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, तर जरीपटक्यातील सिंधी वस्तीमुळे थॅलेसेमियाची मुलेही शहरात अनेक वर्षांपासून आहेत. सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा आणि गुजराती समाजांत या आजाराच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा अधिक आढळते. भारतात एकूण लोकसंख्येच्या तीन ते चार टक्के लोक वाहक असून दरवर्षी अंदाजे दहा ते पंधरा हजार बालके थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मास येतात. कच्छ-गुजरातेतून दोन-तीन पिढ्यांपूर्वी व्यापारासाठी विदर्भात उतरलेल्या घरांना हा विषय परका मानून चालणार नाही.

२०२२ च्या मे महिन्यात नागपुरातून आलेल्या बातमीने साऱ्या देशाचे लक्ष या मुलांकडे गेले. थॅलेसेमियासाठी नियमित रक्त घेणाऱ्या चार मुलांच्या तपासणीत एचआयव्हीची लागण आढळली आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. जरीपटक्यातील थॅलेसेमिया व सिकलसेल केंद्राचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विंकी रुघवानी यांनी या मुलांना दूषित रक्त दिले गेल्याचे सांगितले. राज्याच्या आरोग्य विभागाने चौकशी जाहीर केली आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने वृत्तांची स्वतःहून दखल घेतली. काही दिवस वर्तमानपत्रांत रकाने भरले. त्यानंतर चर्चा ओसरली, परंतु त्या घरांतील दिनदर्शिकेवरची वर्तुळे तशीच राहिली, कारण एचआयव्ही झाला म्हणून थॅलेसेमिया थांबत नाही. ज्या नळीतून एक आजार घरात आला, तीच नळी तीन आठवड्यांनी पुन्हा त्या मुलाच्या हाताला जोडावी लागते. पालकांच्या मनावरील ताणाचे मूळ शोधायचे तर ते या एका कृतीत आहे.

हे घडते कसे, हे समजून घेणे आवश्यक आहे. भारतात प्रत्येक रक्तपिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग आणि हिवताप अशा पाच आजारांसाठी तपासणी करणे बंधनकारक आहे. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्या दात्यांची प्रथा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. तरीही एक फट उरते. दात्याला विषाणूची लागण झाल्यानंतरचे काही दिवस नेहमीच्या एलायझा चाचणीत तो सापडत नाही. या काळाला डॉक्टर ‘विंडो पीरियड’ म्हणतात. चाचणीच्या प्रकारानुसार तो दोन-तीन आठवड्यांचा, क्वचित त्याहून अधिक असतो. विषाणूची जनुकीय सामग्रीच थेट शोधणारी ‘नॅट’ ही चाचणी हा काळ दहा-बारा दिवसांपर्यंत खाली आणते. ती महाग आहे, सर्व रक्तपेढ्यांत होत नाही आणि देशात अद्याप सक्तीची नाही. डॉ. रुघवानी यांनी त्या वेळी नॅट तपासणीचाच आग्रह धरला होता. अर्थात नॅटनेही फट पूर्ण बुजत नाही. म्हणून रक्ताच्या सुरक्षिततेचा पहिला पहारेकरी प्रयोगशाळेत शोधण्याआधी रक्तदात्याच्या खुर्चीत शोधावा लागतो. तो प्रश्न पुढे येईल.

येथे थोडा हिशेब करावा. सहाव्या महिन्यापासून दर तीन आठवड्यांनी एक पिशवी धरली, तर दहा वर्षांच्या मुलाच्या शरीरात दीडशेहून अधिक अनोळखी माणसांचे रक्त गेलेले असते. वजन वाढले की एकाऐवजी दोन पिशव्या लागतात. एखाद्या अपघातग्रस्ताला आयुष्यात एकदा दोन पिशव्या घ्याव्या लागतात. त्याच्या वाट्याला येणारा धोका नगण्य असतो. हाच नगण्य धोका दीडशे वेळा पत्करला की त्याला नगण्य म्हणणे कठीण होते. २०११ मध्ये गुजरातेतील जुनागढ येथे थॅलेसेमियाच्या २३ मुलांमध्ये एचआयव्ही आढळला, तेव्हाही हाच हिशेब समोर आला होता.

या संख्येमुळे दुसरी अडचण निर्माण होते. दूषित पिशवी नेमकी कोणती, हे शोधायचे कसे? मुलाने वर्षभरात तीन-चार रक्तपेढ्यांमधून रक्त घेतलेले असते. ज्या दिवशी एका पेढीत गट मिळाला नाही, त्या दिवशी दुसरीकडे धाव घेतलेली असते. तपास करायचा तर प्रत्येक पिशवीचा क्रमांक, त्यावरून दाता आणि त्या दात्याची आजची तपासणी, असा मागोवा घ्यावा लागतो. रक्तपेढ्यांनी नोंदी पाच वर्षे जपून ठेवाव्यात, असा नियम आहे. परंतु पालकांकडे पिशवीचा क्रमांकच नसेल तर कोणत्या पेढीची कोणती नोंदवही उघडायची?

या ठिकाणी व्यापारी घराण्यांकडे असलेली एक जुनी सवय उपयोगी पडू शकते. पै-पैची खतावणी राखणाऱ्या घरात रक्ताची खतावणी क्वचितच असते, याचे नवल वाटते. एक साधी वही पुरेशी आहे. तारीख, रक्तपेढीचे नाव, पिशवीचा क्रमांक, गट, मुदत संपण्याची तारीख, नॅट झाली आहे की नाही, रक्त चढवण्यापूर्वीचे हिमोग्लोबिन एवढेच त्यात लिहायचे. पिशवीवरील चिठ्ठीचे भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेतले तरी चालेल. दर सहा महिन्यांनी मुलाची एचआयव्ही व हिपॅटायटिसची तपासणी झाली असेल आणि तिचे अहवाल याच वहीला जोडलेले असतील, तर लागण कोणत्या सहा महिन्यांतील, हे तरी निश्चित होते आणि शोध दीडशे पिशव्यांवरून आठ-दहा पिशव्यांवर येतो. अशा कागदांचे मोल न्यायालयातही मोठे असते. २००२ मध्ये लष्करी रुग्णालयात घेतलेल्या एका पिशवीमुळे एचआयव्ही झालेल्या हवाई दलाच्या जवानाला निदान २०१४ मध्ये कळले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला सुमारे १ कोटी ५४ लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. त्या लढ्याचा मोठा भाग जुनी वैद्यकीय कागदपत्रे मिळवण्यात खर्च झाला होता.

निदानानंतरचे पहिले काही दिवस कुटुंबासाठी फार अवघड असतात. मुलाचा अहवाल येताच डॉक्टरांना आई-वडील दोघांचीही तपासणी करावी लागते. वैद्यकीयदृष्ट्या हे अपरिहार्य आहे; लागण आईकडून आली की रक्तातून, हे त्याशिवाय कळत नाही. परंतु तो अहवाल येईपर्यंत पती-पत्नी एकाच छताखाली ज्या नजरेने एकमेकांकडे पाहतात, ती पुढे कित्येक वर्षे विसरली जात नाही. व्यापारासाठी महिन्यातून आठ दिवस परगावी राहणाऱ्या वडिलांकडे घरातील वडीलधारेही निराळ्या दृष्टीने पाहू लागतात. दोघांचे अहवाल निर्दोष आले म्हणजे सुटका होते असेही नाही. मग राग आपल्याकडे वळतो: त्या दिवशी दुसऱ्या पेढीतून रक्त का आणले नाही, नॅटचे जादा पैसे देऊ शकत असूनही का दिले नाहीत, चौकशी का केली नाही. या प्रश्नांना उत्तरे नसतात आणि ते प्रश्न बहुधा आईच्या वाट्याला येतात, कारण वर्षानुवर्षे रुग्णालयात बसणारी तीच असते.

अशी कुटुंबे समुपदेशकाला पहिली गोष्ट आवर्जून सांगतात, ‘आमच्या मुलाला रक्तातून झाले आहे.’ त्यामागील भीती समजण्याजोगी आहे. परंतु या वाक्यातून नकळत मुलांचे दोन वर्ग पडतात. आईच्या गर्भातून अथवा दुधातून विषाणू घेऊन आलेल्या बालकाचा तरी काय अपराध? उपचार नसतील तर एचआयव्हीबाधित मातेकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. गरोदरपणात औषधे सुरू झाली तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. ज्या मातेपर्यंत ती औषधे पोहोचली नाहीत, तिचे मूल आणि ज्याला फटीतून निसटलेली पिशवी मिळाली ते मूल, रुग्णालयाच्या रांगेत शेजारीशेजारीच उभे असतात.

आता औषधांकडे वळावे. एचआयव्हीवरील उपचार आज दोन दशकांपूर्वीसारखे राहिलेले नाहीत. शासकीय एआरटी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून औषधे विनामूल्य मिळतात. नागपुरात ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ही केंद्रे आहेत. २०१७ पासून निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आहे. नियमित औषध घेणारे मूल शिकते, वाढते, खेळते आणि इतरांप्रमाणे प्रौढ होते. अडचण दोन आजार एकत्र आल्यावर होते. वारंवार रक्त घेतल्याने थॅलेसेमियाच्या मुलाच्या शरीरात लोह साचते आणि ते बाहेर काढण्यासाठी रोज वेगळे औषध घ्यावे लागते. एचआयव्हीवरील जुने व प्रचलित झिडोव्ह्यूडिन हे औषध रक्तक्षय वाढवते, म्हणून ते अशा मुलांसाठी टाळले जाते. लोह काढणाऱ्या डेफेरिप्रोनमुळे पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असतो, त्यामुळे त्यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. अलीकडे मुलांना दिले जाणारे डोल्युटेग्राविर हे गुणकारी आहे, पण कॅल्शियम अथवा लोहाच्या गोळीबरोबर उपाशीपोटी घेतल्यास ते नीट शोषले जात नाही. या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर ते घ्यावे लागते. स्वयंपाकघरातील फळीवर लावलेले वेळापत्रक या सगळ्यातून तयार होते.

चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तानंतरच्या गोळीचा प्रश्न येतोच. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलल्यास त्यातून मार्ग निघतो. दिवसातून एकदाच घ्यायची औषधे सकाळी ठरवून घेता येतात. मुलाने पर्युषणात उपवास करण्याचा हट्ट धरला तर मात्र अधिक सावध राहावे. डेफेरासिरॉक्ससारखे लोह काढणारे औषध चालू असताना शरीरातील पाणी कमी झाले तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मोठ्यांच्या कौतुकासाठी मुले औषध न घेता उपवास पुरा करतात आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही.

याहून अवघड आहे ते लपवणे. एकत्र कुटुंबात चार भाऊ, चार जावा, एक स्वयंपाकघर आणि एक गल्ला असतो. थॅलेसेमिया सर्वांना ठाऊक असतो, कारण त्याची कोणाला लाज वाटत नाही. एचआयव्ही मात्र आई-वडील आणि कदाचित आजी, एवढ्यांतच राहतो. मग गोळ्यांच्या डब्यांवरील कागद काढून टाकले जातात. एआरटी केंद्राच्या रांगेत ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने काहीजण दुसऱ्या जिल्ह्यातील केंद्रात नाव घालतात आणि ‘मालाच्या खरेदीला’ म्हणून दर महिन्याला गाव सोडतात. मोठ्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू असतील तर कुजबुजीची धास्ती आणखी वाढते. भांडी, कपडे, एकत्र जेवण, मिठी, शौचालय किंवा डास यांमधून एचआयव्ही पसरत नाही, हे ठाऊक असूनही काकू आपल्या मुलाला त्या मुलाच्या खोलीत झोपू देणार नाही, अशी आईला खात्री असते. ही खात्री चुकीची ठरण्याचीही शक्यता असते. काही घरांत जाऊच पुढे होऊन रुग्णालयाची एक फेरी स्वतःकडे घेते. पण ते सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगण्याचे धाडस होत नाही.

धाडस न होण्यास कारणे आहेत. लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांच्या ‘सेवालय’मधील मुलांना २००९ मध्ये गावच्या शाळेत प्रवेश मिळाला, तेव्हा इतर पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली होती. पंढरपुरात मंगलताई शहा यांनी ‘पालवी’ हा प्रकल्प उभा केला, त्याची सुरुवात नातलगांनी टाकून दिलेल्या दोन बालिकांपासून झाली. पुढे या दोन्ही ठिकाणी मुले शिकली, मोठी झाली, हेही तितकेच खरे. आज कायदा अशा मुलांच्या बाजूने उभा आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, रुग्णालय उपचार टाळू शकत नाही आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणालाही आपली स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही. मुलाबद्दल शाळेला कळवण्याचे बंधन पालकांवर नाही. द्वेष पसरवणाऱ्यास तीन महिने ते दोन वर्षांपर्यंत कारावास अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी राज्यस्तरावर लोकपालाची तरतूद आहे.

मुलाला स्वतःला केव्हा सांगावे, हा प्रश्न पालक पुढे ढकलत राहतात. शाळकरी वयात, सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, त्याच्या समजुतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने सांगावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. जे मूल दर तीन आठवड्यांनी आपल्या पिशवीचा गट वाचते, त्याला गोळीचे नाव वाचता येणार नाही, अशी समजूत फार काळ टिकत नाही. सांगितले नाही तर ते गोळी खिडकीबाहेर टाकू लागते आणि विषाणूभाराच्या तपासणीतून ते उघड होईपर्यंत काही महिने गेलेले असतात.

आता रक्तदात्याच्या खुर्चीकडे. समाजात महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने रक्तदान शिबिरे उत्साहाने भरतात आणि त्यातून शेकडो पिशव्या जमा होतात. त्यामागील भावनेविषयी शंका नाही. परंतु तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. एका दिवसाचा ‘विक्रम’ झाला की काही रक्त मुदत संपून वाया जाते आणि मे-जूनच्या उन्हात, सुट्ट्या व लग्नसराईत, पेढ्या रिकाम्या होतात. त्या दिवसांत थॅलेसेमियाच्या पालकांना ‘बदली दाता आणा’ असे सांगितले जाते. मग शेजारी, नोकर, भिडेखातर आलेला मित्र अशी माणसे खुर्चीत बसतात. भिडेखातर आलेला माणूस दात्यांसाठीच्या अर्जातील खासगी प्रश्नांना खरे उत्तर देईलच, असे नाही. टिफिन किंवा हेल्मेट भेट देणाऱ्या शिबिरांतही हाच धोका आहे. सर्वांत सुरक्षित रक्त मिळते ते दर काही महिन्यांनी, काही न घेता, स्वेच्छेने देणाऱ्या नियमित दात्याकडून, कारण त्याची तपासणी पुन्हापुन्हा झालेली असते. पुरुष तीन महिन्यांनी, स्त्रिया चार महिन्यांनी रक्त देऊ शकतात. एखाद्या संघातील साठ-सत्तर दात्यांनी दोन-तीन मुलांची वर्षभराची जबाबदारी वाटून घेतली, तर त्या मुलांच्या खतावणीत अनोळखी नावे फारशी उरणार नाहीत. शिबिराचे फलक छापण्याच्या खर्चातील काही भाग नॅटसाठी देता येईल.

राहिला तो आजारच जन्मास न येण्याचा मार्ग. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मेजर मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक असेल तर ती जवळजवळ नसते. वाहक स्वतः निरोगी असतो, म्हणून त्याला हे ठाऊकच नसते. हिमोग्लोबिन ए-टू मोजणारी साधी रक्तचाचणी ते सांगते आणि ती आयुष्यात एकदाच करावी लागते. विवाहानंतर हे कळले तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते, पण त्या अहवालानंतर जो निर्णय घ्यावा लागतो, तो जीवहिंसेचा विचार करणाऱ्या घराला हादरवून टाकतो. अनेकांना तो घेताच येत नाही. परिचय मेळाव्याच्या अर्जात आज गोत्र, मामाचे कुळ, उंची, शिक्षण, मंगळ, वार्षिक उत्पन्न एवढे रकाने आहेत. वाहक-तपासणीचा रकाना थोड्याच अर्जांत दिसतो, आणि जेथे दिसतो तेथेही तो बहुधा रिकामा सोडलेला असतो.